तात्पुरता माणूस

दिवाळीच्या तोंडावर घर आवरायला काढले की आमच्याकडे एक तंटा ठरलेला असतो. माळ्यावरून खाली उतरलेली प्रत्येक वस्तू मला ठेवण्याजोगी वाटते आणि पत्नीला रद्दीवाल्याकडे देण्याजोगी. बहुतेक वेळा तिचेच बरोबर असते. यंदा जुन्या ट्रंकेच्या तळाशी एक चौघडी कागद निघाला. पेन्सिलीने काढलेली चौदा घरे, मधे मोकळे अंगण, कडेने मीटरमधली मापे आणि कोपऱ्यात माझ्याच अक्षरात तारीख : 11 मार्च 2005.

"अहो, हा ठेवायचा की द्यायचा?" तिने विचारले.

मी कागद हातात घेतला आणि तसाच जिन्याच्या पायरीवर बसलो. तिने दोन-तीनदा हाक मारली असावी. त्या दिवशी माळ्याचे काम काही पुढे सरकले नाही.

2004 च्या फेब्रुवारीत खात्याने मला दोन वर्षांसाठी अंदमानला पाठविले. मराठी माणसाला अंदमान म्हटले की आधी सेल्युलर जेल दिसते. आमच्या मातोश्रींनी तर बदलीचा हुकूम ऐकल्यावर काळजीने विचारले होते, "असं काय रे केलंस तू, की तुला काळ्या पाण्यावर धाडतायत?" सावरकरांना दोन जन्मठेपी, म्हणजे पन्नास वर्षे, ठोठावण्यात आली होती आणि 1911 ते 1921 अशी दहा वर्षे त्यांनी तेथे काढली. मला दोनच वर्षे होती, आणि तीही भत्त्यासह. तरीसुद्धा चेन्नईहून निघालेली बोट तिसऱ्या दिवशी पोर्ट ब्लेअरच्या धक्क्याला लागली तेव्हा माझ्या मनात पहिला हिशेब आला तो उरलेल्या दिवसांचाच. (त्या गावाचे नाव 2024 साली श्री विजयपुरम झाले, माझ्या आठवणीतले गाव मात्र जुन्याच नावाला ओ देते.)

तेथे घड्याळ मुख्यभूमीचे आणि सूर्य बेटाचा. सारी बेटे पूर्वेला इतकी लांब, पण वेळ मात्र आपल्याच घड्याळाची. त्यामुळे थंडीच्या दिवसांत संध्याकाळी पाचाच्या सुमारास दिवे लागतात आणि कचेरी सुटता सुटता काळोख पडलेला असतो. नवख्या माणसाला हे चमत्कारिक वाटते. महिन्याभरात सवय होते; पण आपण इथल्या सूर्याचे नव्हेत, तिकडच्या घड्याळाचे आहोत, ही जाणीव काही जात नाही.

माझ्या क्वार्टरच्या न्हाणीघरात एक नळ गळत होता. माझ्या आधीच्या अधिकाऱ्याने त्याला सुतळीने फडके बांधून ठेवले होते, आणि शेजारी सांगत की त्या फडक्याखालचे फडके त्याच्याही आधीच्या साहेबांचे. मी स्थापत्य अभियंता. पाण्याच्या नळाचा वॉशर बदलणे म्हणजे माझ्या दृष्टीने पाच मिनिटांचे काम. पण वॉशर आणायला बाजारात जायचे, ते तरी कोणासाठी? मी एक नवे फडके बांधले. भिंतीला खिळा ठोकला नाही, अंगणात साधे अळूही लावले नाही. कोकणात वाढलेल्या माणसाने अळू लावू नये ही केवढी गोष्ट! पण जेवायला ताट-वाटी, झोपायला खाट आणि कॅलेंडर, एवढ्यावर संसार चालला होता.

बेटावरचे लोक उरलेल्या सगळ्या देशाला 'मेनलैंड' म्हणतात. ओळख झाली की नावगावाच्या पाठोपाठ प्रश्न येतो, "मेनलैंड कब जाओगे?" सुरुवातीला मला तो अगत्याचा वाटला. पुढे एकदा किराणा दुकानदाराने उधारीची वही उघडण्यापूर्वी तोच प्रश्न विचारला, तेव्हा उमगले की हे आमचे मोजमाप चालले आहे. किती दिवसांचा माणूस आहे ते पाहून त्याच्यावर किती भिस्त टाकायची ते ठरते. त्यात त्यांची चूक काय? त्यांनी आमच्यासारखे पुष्कळ पाहिले होते.

आपल्याकडे या अलिप्तपणाला मोठी प्रतिष्ठा आहे. जग ही धर्मशाळा, देह हे भाड्याचे घर, आपण चार दिवसांचे पाहुणे. हे ऐकतच आपण लहानाचे मोठे होतो. त्या दोन वर्षांत मी ही वचने स्वतःला अनेकदा ऐकवली आणि त्यांच्या आधाराने गळका नळ गळत ठेवला. माझी आजी वारीला जात असे. वाटेत धर्मशाळेत मुक्काम पडला की पहाटे निघण्यापूर्वी ती आपण निजलो ती जागा झाडून काढी, चूल सारवी आणि मागून येणाऱ्या दिंडीसाठी रांजण भरून ठेवी. कोणती दिंडी येणार हे तिला ठाऊक नसे. धर्मशाळेचे तत्त्वज्ञान मला तोंडपाठ होते. रांजण तेवढा विसरलो होतो.

बेटांचा इतिहास वाचू लागलो तो वेळ जात नव्हता म्हणून. वाचता वाचता एक गोष्ट नजरेत भरली. या बेटांवर जे जे कायमचे होऊन बसले, त्यातले कितीतरी तात्पुरत्या माणसांनी करून ठेवलेले आहे.

चितळाचेच घ्या. रॉस बेटावर पर्यटक ज्यांना कौतुकाने काहीबाही खायला घालतात ती हरणे मूळची तेथली नव्हेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांनी ती आणून सोडली. शिकारीची हौस असेल, घरच्यासारखे वाटावे ही इच्छा असेल. बेटांवर वाघ नाही, बिबळ्या नाही. हरणे वाढत गेली आणि रानातली कोवळी रोपे खात सुटली. आणणारे साहेब यथाकाल निवृत्त होऊन विलायतेला गेले. इंटरव्ह्यू नावाच्या बेटावर हत्ती आहेत. इमारती लाकडाचा धंदा करणाऱ्या एका कंपनीने ओंडके ओढण्यासाठी ते आणले होते. 1962 साली धंदा बुडाला, माणसे परत गेली, हत्ती तेथेच राहिले आणि रानटी झाले. आमच्या क्वार्टरच्या मागे पावसाळ्यात मुठीएवढ्या आफ्रिकी गोगलगाई निघत. त्या जपानी अमदानीत, म्हणजे 1942 ते 1945 या तीन वर्षांत, बेटांवर आल्या. जपानी गेले, गोगलगाई आजतागायत भाजीचे वाफे फस्त करीत आहेत.

ही झाली जनावरांची कथा. माणसांची सांगताना हात जड होतो. 1858 साली इंग्रजांनी कैद्यांची वसाहत घातली तेव्हा ग्रेट अंदमानी लोक काही हजारांच्या घरात होते. त्यांना 'सुधारण्यासाठी' घरे काढण्यात आली, तंबाखू देण्यात आली. 1877 साली गोवर पसरला, शिवाय इतर रोग होतेच. 1901 च्या शिरगणतीत ते 625 भरले आणि 1961 च्या शिरगणतीत अवघे एकोणीस. या काळात त्यांच्यावर नेमलेल्या अधिकाऱ्यांत काही सहृदय होते, काहींनी त्यांची भाषा शिकून कोशही रचले. पण येणारा प्रत्येक जण काही वर्षांपुरता येई, आपल्या समजुतीप्रमाणे काही करी आणि पुढच्याच्या हाती कारभार देऊन जाई. एवढा मोठा संहार कोणा एकाच्या हिशेबी लिहावा म्हटले तर लिहिता येत नाही. तो तुकड्यातुकड्यांनी, बदलीच्या मुदतीमुदतींनी झाला.

रॉस बेटावर त्या साहेबांचे नाचघर, बेकरी, टेनिसचे मैदान, चर्च होते. आता भिंतींवरून वडापिंपळाच्या जातीच्या झाडांची मुळे अशी उतरली आहेत की भिंतीने झाड धरले आहे की झाडाने भिंत, सांगता येत नाही. तेथे एका दगडी पायरीवर बसून मी मोठ्या समाधानाने स्वतःशी म्हटल्याचे आठवते : आपण निदान काही आणले नाही, काही बिघडवले नाही, आलो तसे जाऊ. हे 2004 च्या नोव्हेंबरात. दिवाळी नुकतीच झाली होती. गावातल्या चार-पाच मराठी बिऱ्हाडांनी मिळून चिवडा-चकल्या केल्या होत्या आणि एका गृहस्थांनी बांबूच्या काड्यांचा आकाशकंदील केला होता. समुद्रावरच्या वाऱ्याने तो दुसऱ्याच दिवशी फाटला.

त्यानंतर महिन्याभराने, 26 डिसेंबरला, रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास खाट हलू लागली.

त्या सकाळचे वर्णन मी करणार नाही. ते ज्यांच्या घरातली माणसे गेली त्यांनी करावे. पोर्ट ब्लेअर त्या मानाने वाचले. आमच्या बाजूची जमीन सुमारे मीटरभर खचली आणि सिप्पीघाटकडच्या भातशेतीत जे समुद्राचे पाणी शिरले ते पुन्हा निघाले नाही. खरा घाला निकोबारवर पडला. कार निकोबार हे बेट सपाट आणि गावे समुद्राकाठी. नाताळासाठी माणसे घरोघरी जमलेली. गावेच्या गावे गेली. उरलेले लोक आत, उंचवट्यावर, नारळीच्या बागांत आणि रानात ताडपत्र्या बांधून राहिले.

फेब्रुवारीत मला तिकडे पाठविण्यात आले. काम सोपे होते : पावसाळ्यापूर्वी तात्पुरते निवारे उभे करायचे. पन्हळी पत्रे, लोखंडी नळ्या, हुक-बोल्ट, वॉशर. जेट्टी मोडली होती. सामान होड्यांतून उतरे आणि माणसांच्या डोक्यांवरून वर येई. नकाशा वरून छापूनच आला होता. सरळ रांगा, एका कुटुंबाला एक खोली, रांगेची पाठ दुसऱ्या रांगेच्या पाठीला. पत्रे वाचतात, आखणी सोपी पडते, मोजणीही सोपी. अभियंता म्हणून आजही सांगतो, नकाशात तांत्रिक दोष एकही नव्हता.

ज्या वस्तीवर मी होतो तेथे एक वृद्ध गृहस्थ रोज आखणी पाहायला येत. फारसे बोलत नसत. मी त्यांना बाबा म्हणे. निकोबारी माणसाचे कुटुंब म्हणजे नवरा, बायको, मुले एवढेच नव्हे. त्यांच्याकडे 'तुहेत' असते; आपल्या जुन्या एकत्र कुटुंबाहूनही मोठे. जमीन तुहेतची, नारळ तुहेतचे, डुकरे तुहेतची. बाबा अशा एका तुहेतचे वडीलधारे होते; त्यातली चौदा बिऱ्हाडे लाटेनंतर उरली होती. त्यांची जुनी घरे मी फक्त चित्रांत पाहिली. खांबांवर उचललेली, गोल, वर उलटी टोपली पालथी घालावी तसे गवताचे छप्पर. चढायला शिडी. घराखालच्या सावलीत दुपारी सगळी बसायची.

एके दिवशी बाबा चुन्याच्या रेघांजवळ उभे राहून म्हणाले, "इंजिनियर साब, इसमें सबका पीठ है. मुँह किधर है?"

मला समजले नाही. त्यांनी हाताने दाखवले. भावाचे दार या अंगाला, भावाचे दार त्या अंगाला, मधे पत्र्याची पाठ. म्हातारीला पलीकडच्या नातवाची हाक ऐकू आली तर तिने रांगेला वळसा घालून जायचे. लाट आल्यापासून मुले रात्री दचकून उठत होती. त्यांना उघड्या जागी सगळी माणसे दिसायला हवी होती.

त्या रात्री पेट्रोमॅक्सच्या उजेडात मी कागद घेऊन बसलो. तेवढेच पत्रे, तेवढ्याच नळ्या, फक्त चौदा खोल्या अंगणाभोवती फिरवल्या. बाबा बोटाने सांगत, मी पेन्सिलीने काढी. अंगणात फीत धरून दोनदा मापे घेतली. दुसरे टोक त्यांच्या पुतण्याने धरले होते. जमत होते. एका बाजूला फूटभर उंचवटा होता, तो उतरवला की झाले. पंधरा दिवस जास्त लागले असते, आणि नकाशा बदलतो म्हणून वर एक पत्र लिहावे लागले असते.

बाबांनी तो कागद मागितला. मी म्हणालो, "यह तो ऊपर भेजना पड़ेगा." आणि मग, त्यांचा चेहरा पाहून की कशाने, पुढे म्हणालो, "चिंता मत करो बाबा, यह सब टेम्परेरी है. दो-चार महीना."

कागद मी वर पाठविला नाही. रांगा छापील नकाशाप्रमाणेच उभ्या राहिल्या. एप्रिलअखेर माझी तेथली पाळी संपली तेव्हा बाबांनी धक्क्यापर्यंत येऊन विचारले, "कागज?" मी म्हणालो, "अगला साब देखेगा." चार्ज देताना आम्ही पत्रे मोजले, बोल्टची खोकी मोजली, दोन ताडपत्र्या कमी भरल्या त्यावर अर्धा तास वाद घातला. माझ्या जागी आलेल्या मुलाने शेवटी विचारले, "आणखी काही सांगण्यासारखं?" मी नाही म्हटले. मग पुढचे दहा महिने मी पोर्ट ब्लेअरच्या कचेरीत त्याच कामाच्या फायलींशेजारी बसत होतो, आणि 2006 च्या फेब्रुवारीत घरी आलो.

माझ्या एका वकील मित्राला मी हे सारे एकदा सांगितले. तो हुशार माणूस. त्याने माझी बाजू माझ्याहून चांगली मांडली. म्हणाला, "पावसाळा डोक्यावर होता. पंधरा दिवसांनी कोणाचं तरी लेकरू पावसात भिजलं असतं. शिवाय तूच सांगतोस ना, त्या बेटांचं वाटोळं केलं ते हौशी लोकांनी? आपल्या मनानं काही आणायचं, काही बदलायचं. त्यापेक्षा तात्पुरत्या माणसानं नेमून दिलेलं काम करावं आणि निघावं. तू चितळं सोडली नाहीस हे काय थोडं झालं?"

या युक्तिवादाने मी बरेच दिवस स्वस्थ होतो. पण तो दोन ठिकाणी फुटतो, आणि एकदा फूट दिसली की झाकता येत नाही.

पहिले पावसाचे. मार्चअखेर आमचे हुक-बोल्ट संपले आणि बोट येईपर्यंत नऊ दिवस काम बंद होते. मी त्या नऊ दिवसांत एक जाडजूड कादंबरी वाचून काढली. घाई होती, हे खोटे नाही. पण मला आड आली ती घाई नव्हे. एक पत्र लिहायचे, वरिष्ठांचा थोडा रोष घ्यायचा, त्यावरचे उत्तर येईपर्यंत कदाचित मुदत वाढवून घ्यायची, एवढेच होते ते. ज्या जागी आपण राहणार नाही तेथल्या अंगणासाठी एवढा खटाटोप कोण करतो?

दुसरे चितळांचे. मित्राने दोन अगदी वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्या. चितळ कोणी मागितले नव्हते. साहेबाला हवे होते म्हणून त्याने ते आणले. आणि 'सुधारणा' म्हणून जे काही त्या बेटांवर लादले गेले तेही तेथल्या माणसांनी मागितलेले नव्हते. सुनामीनंतर आमच्याकडे मदतीच्या गाठोड्यांतून लोकरीचे स्वेटर आले होते. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ! पाठविणाऱ्यांचे मन चांगलेच होते. पण बाबांनी माझ्याकडे माझ्या मनातले काही मागितलेच नव्हते. त्यांनी दारे फिरवून मागितली होती. मी ढवळाढवळ टाळली असे म्हणणे म्हणजे तहानलेल्याला पाणी न देऊन त्याच्या स्वातंत्र्याचा मान राखला असे म्हणण्यासारखे आहे.

चौदा वर्षांच्या तात्पुरत्या नेमणुकीवर असलेला एक माणूस आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. भरताला अयोध्या आपली नव्हे हे माहीत होते. लहानपणी मला वाटे, पादुका सिंहासनावर ठेवून तो नंदिग्रामात बसला म्हणजे त्याने राज्याकडे पाठ फिरवली. आता वाटते, त्याचे काम रामाच्या कामाहून अवघड होते. आपली मुद्रा उमटवायची नाही आणि तरी काही ढिले सोडायचे नाही. चौदा वर्षांत कोणी ना कोणी त्याच्याकडे बांध घालून मागितला असेल, विहीर मागितली असेल. 'राम आल्यावर पाहू' असे म्हणणे त्याला किती सोपे होते!

माझी खरी चूक कागद न पाठविण्याची की 'टेम्परेरी' म्हणण्याची, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटते, दुसरी मोठी. तो शब्द उच्चारताना मी खोटे बोलत नव्हतो. मी जाणार होतो, तेव्हा माझ्यापुरते ते सारे तात्पुरतेच होते. पण बाबा कोठे जाणार होते? नारळीचे रोप लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात, कधी त्याहून अधिक. हे मला कोकणात जन्मल्यामुळे चांगले ठाऊक होते. त्यांचे माड समुद्राने नेले होते. ज्यांचे पोट माडावर, त्यांचे दिवस माडाच्या गतीने मोजायचे असतात. मी माझ्या बदलीच्या हुकुमाने मोजले आणि आकडा त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो विश्वासाने घेतला, कारण सरकारी माणसाला महिन्यांची माहिती असते असा त्यांचा समज होता.

2008 साली एका जुन्या हिशेबाच्या कामासाठी मला आठ दिवस पोर्ट ब्लेअरला जावे लागले. निकोबारला जायला वेगळा परवाना लागतो. आदिवासींच्या संरक्षणासाठी 1956 पासून तसा कायदा आहे आणि तो योग्यच आहे. तेव्हा तिकडे जाण्याचा प्रश्न नव्हता, आणि खरे सांगायचे तर परवाना नको असता तरी मी गेलो असतो की नाही कोण जाणे. अबर्डीन बाजारात संध्याकाळी एका दुकानाशी कोणीतरी "साब!" म्हणून हाक मारली. फितीचे दुसरे टोक धरणारा तो पुतण्या. आता चांगला बाप्या झाला होता.

चहा घेतला. मी बाबांची चौकशी केली.

"चाचा नहीं रहे. पिछले साल गए."

"पक्का घर मिल गया था?"

"नहीं साब. अभी टिन में ही हैं. पक्का बन रहा है." हे त्याने कोणतीही तक्रार नसलेल्या आवाजात सांगितले. त्याच्या बहिणीची दोन्ही मुले त्या पत्र्यांतच जन्मली होती. दुपारी आत बसवत नाही, सगळी झाडाखाली असतात. मग थोडे हसून म्हणाला, "हम लोग पीछे का टिन काट के दरवाजा बना दिया. अब सबका मुँह इधर है." कापलेल्या पत्र्याच्या कडा राहतात आणि पोरांचे हात कापतात, म्हणून बायकांनी त्यांना कापड गुंडाळले आहे, असेही त्याने सांगितले.

मी काही बोललो नाही. चहाचे पैसे त्याने मला देऊ दिले नाहीत. उठता उठता त्याला आठवण झाली.

"साब, वो कागज आया क्या? चाचा आखिर तक बोलते थे, कागज मेनलैंड गया है, पास होके आएगा."

तो कागद खरोखरच मेनलँडवर होता. माझ्या ट्रंकेत, घड्या घालून.

"मेनलैंड कब जाओगे?" त्याने विचारले.

"परसों," मी म्हणालो.

आता तेथली पत्र्यांची वस्ती उरलेली नाही. पुढे पक्की घरे झाली. ती कशी आहेत, त्यांची दारे कोणीकडे आहेत, याविषयी मी ऐकीव सांगणार नाही. मुले मोठी झाली असतील आणि तेव्हा लावलेले माड आता भरपूर धरले असतील.

संध्याकाळी माळा तसाच अर्धवट ठेवून पत्नी चहा घेऊन पायरीशी आली. तिला ही हकीकत तुकड्यातुकड्यांनी ठाऊक होती. कागद तिने प्रथमच पाहिला. चष्मा लावून तिने चौदा घरे मोजली. मधल्या अंगणावर बोट ठेवून म्हणाली, "इथून हाक मारली तर सगळ्यांना ऐकू जाईल."

मी पट्टी आणवली आणि मापे पुन्हा एकदा ताडून पाहिली. बरोबर होती.

"मग? कुठे ठेवू?" तिने विचारले.

"घराच्या कागदांत ठेव," मी म्हणालो.